पंपघरापर्यंत

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाबाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, निम्मं काम या करतील, उरलेलं तुमच्या पायांना करावं लागेल. देतेलिना तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होती. रूसे शहरातल्या एका प्रयोगशाळेत ती बावीस वर्षं कवळ्या बनवत होती. दिवसभर मान खाली, हातात मेण नाहीतर प्लास्टर, आणि पाव मिलिमीटर इकडे की तिकडे याचा घोर. लेक शिकायला सोफियाला गेलेली. नवरा तिहोमिर बंदरात क्रेन चालवायचा, घरी आला की सोफ्यावर आडवा व्हायचा.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी जुने कॅनव्हासचे बूट घालून ती डॅन्यूबच्या काठी गेली आणि पळायला लागली. दोन मिनिटंही झाली नसतील, तोवर छातीचा भाता झाला आणि ती कठड्याला धरून उभी राहिली. तिथे गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्यानं आपलं स्टूल तिच्याकडे सरकवलं. तिला इतकी लाज वाटली की ती तशीच चालत घरी आली.

ही गोष्ट तिनं फोनवर आईला हसत हसत सांगितली. आईनं ती प्लामेनला सांगितली आणि त्याच संध्याकाळी प्लामेनचा फोन आला.

प्लामेन तिचा थोरला भाऊ, पाच वर्षांनी मोठा. एके काळी हे नाव रूसेत सगळ्यांना ठाऊक होतं. तो क्रीडाशाळेत होता, सतराव्या वर्षी तीन हजार मीटरमध्ये देशात दुसरा आला होता. त्या काळी घरात मटण शिजलं की आधी त्याच्या ताटात पडायचं. देतेलिना अकरा वर्षांची असताना शाळेचे व्यायामशिक्षक घरी येऊन म्हणाले होते, ही पोरगीही पळते, हिलाही निवडीला पाठवा. आईनं त्यांना कॉफी पाजली आणि सांगितलं की घरात एक पळणारा पुरे, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांकडे कुणीतरी बघायला हवं. त्या गोष्टीचं देतेलिनाला फार काही वाटलं नव्हतं, निदान तसं ती समजत होती. पुढे बाविसाव्या वर्षी प्लामेनचा गुडघा गेला, मग क्रीडाशाळेचे पैसे आटले, मग बायको गेली. आता तो आईजवळ राहायचा आणि बेकरीची गाडी चालवायचा. त्याची पदकं दिवाणखान्याच्या भिंतीवर होती. दुकानातले म्हातारे त्याला अजून ‘चॅम्पियन’ म्हणूनच हाक मारायचे.

फोनवर तो म्हणाला, “असं उठून पळत सुटतात होय? मंगळवारी साडेसहाला धान्याच्या गोदामाच्या भिंतीपाशी ये. आणि ते बूट फेकून दे आधी.”

तो खरोखरच आला. पहाटेची पाव पोचवायची फेरी संपवून, अंगावर पिठाचा वास घेऊन, हातात स्टॉपवॉच. मंगळवार, गुरुवार आणि रविवार, पाऊस असो की बर्फ, तो कधी चुकला नाही. गोदामाच्या भिंतीपासून नदीकाठानं हिरव्या दिव्याच्या खांबापर्यंत अडीच किलोमीटर आणि तिथून परत, असे पाच त्यानं आखून दिले. बुटाची नाडी कशी ओवली म्हणजे नख काळं पडत नाही, हे दाखवलं. मुठी आवळल्या की खांदे आखडतात, हात असे सैल ठेव जसं काही बोटांत अंडं धरलंय, हेही त्यानंच शिकवलं. आधी तीन मिनिटं पळ, दोन चाल. मग पाच पळ, एक चाल. ती परत आली की तो आकडा सांगायचा आणि ती चौकटीच्या वहीत लिहायची: तारीख, वारा, वेळ, नाडीचे ठोके. “डोक्यावर विश्वास ठेवू नकोस, डोकं खोटं बोलतं. लिहून ठेव,” तो म्हणायचा. तिचा फोन जुनाट होता, तो ती घरीच ठेवायची. मोजायला दादा होता.

ऑक्टोबरअखेरीस चालत-पळत एक्केचाळीस मिनिटं लागली. नाताळात छत्तीस. फेब्रुवारीत, कठड्यावर बर्फ असताना, तेहेतीस. मार्चच्या पहिल्या दिवशी, मनगटाला वसंताच्या स्वागताचा लाल-पांढरा दोरा बांधून, ती तिसाच्या दोनच सेकंद आत आली. त्या दिवशी प्लामेननं तिच्या पाठीवर थाप मारली आणि गाडीतला गरम पाव काढून दिला. दोघांनी तो कठड्यावर बसून तोडून तोडून खाल्ला. लहानपणापासून त्या दोघांनी असं काही बरोबर बसून खाल्लेलं देतेलिनाला आठवत नव्हतं. रक्तदाब उतरला हे बरंच झालं. पण खरं सांगायचं तर ती पळत होती ती या साडेसहाच्या भेटीसाठी.

मार्चमध्येच एका रविवारी आईकडे जेवताना तिहोमिरनं मेव्हण्याची मस्करी केली. बायको आता तुमच्याही पुढे जाईल, असं काहीतरी तो म्हणाला. प्लामेन हसला आणि म्हणाला की गुडघा असा असूनही गेल्या शरदात त्यानं हाच रस्ता सत्तावीस मिनिटं बावन्न सेकंदांत केलाय, तेव्हा वाट बघावी लागेल. आईनं त्याच्या ताटात आणखी एक भरलेली मिरची वाढली. मग सगळे दुसऱ्या विषयावर गेले.

एप्रिलच्या मध्यावर एका मंगळवारी हवा स्वच्छ होती, वारा नव्हता. देतेलिनाला त्या दिवशी पाय आपले वाटलेच नाहीत, इतके हलके. भिंतीपाशी येऊन ती वाकली, धापा टाकत विचारलं, “किती?”

प्लामेन स्टॉपवॉचकडे बघत राहिला. मग म्हणाला, “सत्तावीस एकतीस.”

ती हसली, त्याच्याकडे बघून. तो म्हणाला की वारा पाठीवर होता. दोन्हीकडून पाठीवर कसा, असं ती गमतीनं म्हणाली, पण तो तोवर गाडीकडे निघाला होता. उशीर झालाय म्हणाला.

गुरुवारी तो आला तो बातमी घेऊन. आदल्या दिवशी त्यानं सायकलच्या चाकानं रस्ता मोजला होता. दिवा अडीच किलोमीटरवर नाहीच, चारशे मीटर अलीकडे आहे. त्याचीच चूक, जुना अंदाज धरला होता. खरा अडीच किलोमीटर जुन्या पंपघराशी येतो. “आजपासून पंपघराला वळायचं. खोट्या आकड्यांवर उड्या मारण्यात काय अर्थ आहे?”

ती पंपघराला वळून आली. एकतीस पंचावन्न.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिनं वही उघडली आणि ऑक्टोबरपासूनचा प्रत्येक आकडा लाल पेननं खोडला. कवळी चुकली तर ती फोडायची आणि नव्यानं करायची, ही तिची सवय होती. अर्धी करून ठेवायची नाही. तिहोमिरनं विचारलं काय चाललंय. ती म्हणाली, चुकीचं मोजलं होतं.

जूनच्या पहिल्या रविवारी शहरात पाच किलोमीटरची शर्यत होती. प्रयोगशाळेच्या मालकानं पाच जणींची नावं दिली होती, सगळ्यांना सारखे निळे बनियन शिवून घेतले होते. देतेलिनाची ही पहिली शर्यत. तिनं महिनाभर जिवाचं रान केलं. मधल्या दिवसांची विश्रांती सोडली, जेवण कमी केलं, जिने चढली. मेअखेरीस ती तीस चाळीसवर आली आणि तिथेच अडकली.

प्लामेन म्हणाला, “तू बघ बाबा. पण तिसाच्या आत आल्याशिवाय लोकांसमोर उभं राहू नये. मी तर राहिलो नसतो. हे शहर आपल्याला ओळखतं.”

‘आपल्याला’ हा शब्द तिला लागला. चॅम्पियनची बहीण शेवटच्या घोळक्यात पाय ओढत येतेय, हे चित्र दोन दिवस तिच्या डोळ्यांपुढून जाईना. शुक्रवारी तिनं आपला नंबर शेजारच्या टेबलावरच्या मिरेलाला देऊन टाकला. पाय दुखावलाय, असं सांगितलं. रविवारी ती घरात बसून खिडक्या पुसत होती. नदीकडून लाउडस्पीकरचा आवाज येत होता.

मिरेला सव्वीस वर्षांची, बडबडी, मनात काही न ठेवणारी मुलगी. एकोणतीस चाळीसमध्ये धावून आली आणि आठवडाभर त्याच्याच गोष्टी सांगत राहिली. मग म्हणाली, ताई, पाय बरा झाला की मला तुझ्याबरोबर ने. एका बुधवारी देतेलिना तिला घेऊन गेली. प्लामेनचा तो वार नव्हता.

पहिला किलोमीटर झाला आणि मिरेला मागे पडली. दिव्यापाशी तर ती थांबलीच. देतेलिना पंपघराला वळून परत येईपर्यंत ती तिथेच कंबरेवर हात ठेवून उभी होती.

“ताई, तू तिसाच्या वर धावतेस म्हणालीस ना?”

“तीस चाळीस.”

“मग मी मागे कशी पडले? मी एकोणतीसवाली.”

देतेलिनानं हसण्यावारी नेलं. आज तुझे पाय जड असतील, काल काय खाल्लंस, वगैरे. पण शुक्रवारी मिरेलानं आपलं पळण्याचं घड्याळ काढून तिच्या मनगटाला बांधलं आणि स्वतः भिंतीवर बसून राहिली. “जा. मी इथे सूर्यफुलाच्या बिया खाते.”

पंपघराशी घड्याळात दोन किलोमीटर नऊशे दहा मीटर होते. यंत्र बिघडलेलं दिसतंय, असं म्हणत देतेलिना वळली. परतताना होड्यांच्या धक्क्यासमोर घड्याळ मनगटावर थरथरलं. पाच किलोमीटर, सव्वीस मिनिटं वीस सेकंद. भिंत अजून बरीच लांब होती. ती पळत राहिली, कारण भिंतीपर्यंत पळायचं असतं.

त्यानंतर दोघी भिंतीपासून चालत दिव्यापर्यंत गेल्या. दोन किलोमीटर पाचशे. देतेलिनाच्या सांगण्यावरून परत येऊन पुन्हा गेल्या. पुन्हा पाचशे. मिरेलाला वाटलं ताई खूश होईल. तिनं फोनवर जूनच्या शर्यतीची यादी काढली, पंचेचाळीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांची, आणि आनंदानं वाचून दाखवली. पहिली आलेली राझग्रादची कोणी शिक्षिका, सव्वीस एक्कावन्न.

“ताई, तू पहिली आली असतीस गं.”

देतेलिना म्हणाली, “चल, उशीर होतोय.”

दोन रात्री तिनं सगळे मार्ग शोधून पाहिले. चाकाचा परीघ चुकला असेल. मोजताना सायकल नागमोडी गेली असेल. पण अचूक मोजणं हाच तिचा धंदा होता आणि आकडे तिला स्वतःला फसवू देत नव्हते. तिनं वही काढली. सत्तावीस एकतीस, मंगळवार. त्याच्या खाली गुरुवार, पंपघर. आणि त्याच्या आधीच्या महिन्यातला तो जेवणाचा रविवार, दादाचे सत्तावीस बावन्न, आईनं वाढलेली ती मिरची.

शनिवारी ती आईकडे गेली तेव्हा प्लामेन गाडी घेऊन बाहेर होता. आई खिडकीपाशी बसून शेंगा सोलत होती. देतेलिनानं सगळं सांगितलं, अगदी मिलिमीटर सांगावेत तसं. आईच्या हातातल्या शेंगा थांबल्या नाहीत.

“मला ठाऊक आहे,” आई म्हणाली. “तू त्याच्या पुढे गेलीस त्या दिवशी तो जेवला नाही. दोन दिवसांनी मला म्हणाला, मी असं असं केलंय. मी म्हटलं, राहू दे.”

“राहू दे?”

“तुझ्याकडे घर आहे, नवरा आहे, लेक आहे. हातात कसब आहे. त्याच्याकडे काय आहे, देती? या चार पदकांशिवाय काय आहे सांग. तू काय ऑलिंपिकला जाणार होतीस? चारशे मीटर जास्त पळालीस तर काय झिजलीस?”

देतेलिनाला खूप काही म्हणायचं होतं. पस्तीस वर्षांपूर्वीच्या त्या व्यायामशिक्षकांचंही म्हणायचं होतं. पण आईचं तोंड तिला तेव्हासारखंच दिसलं, शांत, जराही अपराधी नसलेलं, आणि बोलून काही व्हायचं नाही हे तिला कळलं. तिनं आईच्या पुढ्यातल्या टरफलांची टोपली उचलली, खाली जाऊन रिकामी केली, परत आणून ठेवली आणि घरी गेली.

मंगळवारी साडेसहाला प्लामेन भिंतीपाशी होता. ती म्हणाली, आज मी दिव्यापासून वळणार.

“का?”

“मी मोजलं, दादा. दोनदा.”

तो स्टॉपवॉचची दोरी बोटाभोवती गुंडाळायला लागला. तिला वाटलं होतं तो नाकारेल. तिनं त्याची तयारीही केली होती. पण तो म्हणाला, “तू सोडून देशील असं वाटलं होतं. एकतीस, बत्तीस बघून. माणसं सोडतात.”

“मी नाही सोडलं.”

“नाही. तू नाही सोडलंस.” त्यानं नदीकडे पाहिलं. “मी नऊ वर्षांचा होतो तेव्हापासून पळालो. पायांतून रक्त यायचं. आणि तू सहा महिन्यांत, या वयात, ती वाकलेली पाठ घेऊन... माझ्या शिकवण्यावर. माझ्याच शिकवण्यावर, देती. मी रोज पहाटे येऊन ते बघत होतो.”

“मी माझा नंबर दिला, दादा. खिडक्या पुसत बसले.”

“पुढच्या वर्षी धाव की. शर्यत कुठे पळून जातेय.”

हे त्यानं इतक्या सहज म्हटलं की तिचे कान गरम झाले. माफी तिला नको होती, मागितली असती तर कदाचित तिनं तिथल्या तिथे दिलीही असती, कारण तो तिचा दादा होता आणि आठ महिने बर्फात उभा राहिला होता. पण त्यानं मागितली नाही. ती वळली आणि पळायला लागली. परत आली तेव्हा भिंतीपाशी कोणी नव्हतं. त्या दिवशी किती वेळ लागला ते तिला कधीच कळलं नाही.

त्यानंतर ती मिरेलाबरोबर शहराबाहेरच्या जंगलात पळायला लागली. साधंसं घड्याळ घेतलं, नवी वही सुरू केली. सप्टेंबरातल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत तिनं नाव दिलं. तीच तिची पहिली शर्यत. रविवारची आईकडची जेवणं तिनं काही ना काही निमित्त काढून टाळली. तिहोमिरला सगळं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, तुमच्या घरचं तुम्ही बघा, आणि टीव्हीचा आवाज थोडा कमी केला. त्याच्याकडून एवढंही पुष्कळ होतं.

शर्यतीच्या दिवशी ती चुकली. मिरेलानं दहा वेळा बजावलं होतं की सुरुवातीला दम राखून जा. पण बंदुकीचा बार झाला आणि देतेलिनाच्या अंगात उन्हाळाभराचा राग उतरला. आपण खरोखर किती वेगात जाऊ शकतो हे तिला बघायचंच होतं, आणि तिला स्वतःचा वेग ठाऊक नव्हता. ऐन तयारीचे महिने तिनं चुकीच्या मापावर काढले होते. पहिले पाच किलोमीटर तिनं पंचवीस मिनिटं चाळीस सेकंदांत कापले. सातव्या किलोमीटरला पाय शिशाचे झाले. माणसं बाजूनं जायला लागली, आधी एकेक, मग घोळक्यानं. ती चालायला लागली.

आठव्या किलोमीटरजवळ फुटपाथवर प्लामेन उभा होता, बेकरीच्या पांढऱ्या कोटात. ती दिसताच तो खाली उतरला आणि तिच्या बाजूनं, तो मोडका गुडघा फेकत, लंगडत पळू लागला.

“मुठी सोड,” तो म्हणाला. “देती, मुठी सोड. वर बघू नकोस. त्या पिवळ्या टोपीच्या पाठीकडे बघ. श्वास बाहेर टाक, आत आपोआप येईल. तीनशे मीटर पळ, मग ठरव.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. पण मुठी सोडल्या. खांदे खाली आले, श्वास जागेवर आला, पाय उचलले जाऊ लागले. त्याचा आवाज ऐकून शरीर असं मुकाट वागलं याचा तिला त्या घटकेला फार संताप आला, पण शरीरानं तिला विचारलं नव्हतं. दोनेकशे मीटरवर त्याचा आवाज थांबला. त्याचा गुडघा संपला असणार. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

अठ्ठावन्न मिनिटं बारा सेकंद. गळ्यात पदक पडलं, मिरेलानं मिठी मारली, तिहोमिर लाजत लाजत झेंडूची फुलं घेऊन आला होता. गर्दीत एक म्हातारा दुकानदार तिला थांबवून म्हणाला, “चॅम्पियनची बहीण ना? बघितलं आम्ही, तो कसा धावत होता तुझ्यासाठी. असा भाऊ मिळायला नशीब लागतं.” ती हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती, त्या गर्दीत, पदक गळ्यात घालून.

संध्याकाळी आईचा फोन आला. प्लामेन बर्फाची पिशवी गुडघ्यावर ठेवून पडलाय, म्हणाली. छान धावलीस म्हणत होता.

“वेळ विचारला त्यानं?”

“नाही. किती लागला?”

“अठ्ठावन्न बारा.”

आई आवाज खाली आणून, कुणाला ऐकू जाऊ नये तसं म्हणाली, “गेल्या वर्षी त्याला दहा किलोमीटरला एकोणसाठ मिनिटं लागली होती गं. मी त्याला एक तास दोन मिनिटं म्हणून सांगते. चालेल ना? तो काही त्या याद्या बघत नाही.”

देतेलिना खुर्चीवर बसली होती, एका पायातला बूट काढलेला, दुसरा तसाच.

“तुला हवं ते सांग, आई,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तिहोमिरनं स्वयंपाकघरातून विचारलं, काय म्हणत होत्या. ती वाकून दुसऱ्या बुटाची नाडी सोडवायला लागली. गाठ ओली होऊन घट्ट बसली होती.

“काही नाही,” ती म्हणाली. “छान धावलीस म्हणाली.”